कोड, पुस्तके, शोधनिबंध : तालुक्याच्या गावच्या अभियंत्यांनी आपसांत कसे फिरवावेत?

वर्धाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आर्वी, पुलगाव, धामणगाव या पट्ट्यात मी आरसीसी (सळईच्या काँक्रीटचे) डिझाइन आणि साईट सुपरव्हिजनची खासगी कामे करतो. झेडपीचे कनिष्ठ अभियंते (जेई), पाटबंधाऱ्याचे शाखा अभियंते, पॉलिटेक्निकमधले शिक्षक आणि माझ्यासारखे खासगी काम करणारे, आम्ही बहुतेक जण एकमेकांना ओळखून आहोत. कोणाला कोड, म्हणजे बांधकामाचे अधिकृत मानक, हवा असला की फोन येतो, 'भाऊ, टाकीचा कोड आहे का तुमच्याजवळ?' व्हॉट्सअॅपवर फाइल जाते, काम निघते. ती फाइल कोणत्या सालची, तिला दुरुस्त्या जोडलेल्या आहेत का, हे ना मागणारा विचारतो ना देणारा सांगतो.

टाकीचेच घ्या, कारण जलजीवन मिशनमुळे गावोगावी उंच टाक्या उभ्या राहिल्या आहेत. पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठी आयएस (भारतीय मानक) ३३७०. त्याची १९६५ ची आवृत्ती आजही पेनड्राइव्हमधून फिरते. २००९ मध्ये तो कोड सुधारला, त्यात आरसीसीसाठी किमान एम ३० ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) आणि डिझाइनची लिमिट स्टेट पद्धत आली. २०२१ मध्ये पुन्हा नवी आवृत्ती निघाली. फिरणाऱ्या फाइलींवर मात्र नाव एकच असते, नुसता कोडचा नंबर. ज्याच्या हाती जी पडली ती त्याने वापरली. टाकी तर पुढची कित्येक वर्षे गावाच्या डोक्यावर उभी राहायची आहे.

पुस्तकांचे वेगळेच. आमच्या सार्वजनिक वाचनालयात कथा-कादंबऱ्या आहेत, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, स्थापत्याचे एकही नाही. चांगले संदर्भ पुस्तक महाग पडते, वर्षातून क्वचित उघडले जाते आणि बाकी वेळ कोणाच्या तरी कपाटात पडून असते. शेजारच्या गावातल्या अभियंत्याला ते तिथे आहे हे ठाऊकच नसते.

माझा प्रस्ताव असा की फाइली फिरवण्याआधी आपण एक यादी फिरवू. कोणाजवळ कोणता कोड किंवा पुस्तक आहे, कोणत्या सालची आवृत्ती, कोणत्या दुरुस्तीपर्यंतची, छापील आहे की पीडीएफ, आणि ते द्यायची तयारी आहे का. एवढे कळले तरी अर्धे काम होईल. इथल्या मंडळींनी आपापल्या भागात असे काही केले असेल तर सांगा. काय टाळावे तेही सांगा.

---

धारणीची_जेई

धाग्याबद्दल धन्यवाद दादा. वाचनखूण साठवली.

मी झेडपीत नवीन आहे, मेळघाटात पोस्टिंग आहे. इथे नेटवर्क कधी असते, कधी नसते. शंभर पानांचा कोड फोनवर उतरवायचा म्हणजे परतवाड्याला गेल्यावरच. त्यामुळे पेनड्राइव्ह वाईट म्हणून चालणार नाही, आमच्यासाठी तोच रस्ता आहे. फक्त त्यातले खरे काय आणि जुने काय ते कसे ओळखायचे, हे कोणीतरी नीट सांगा.

---

जुना_उपअभियंता

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो, जरा सविस्तर.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. आमच्या वेळी विभागीय कार्यालयात कोडचे एक कपाट असे आणि त्याची किल्ली एका लिपिकाजवळ. नवी दुरुस्ती आली की छापील पट्टी मूळ पानावर चिकटवायची आणि कोडच्या पहिल्या पानावर तारखेसह सही करायची, अशी आमच्या एका कार्यकारी अभियंत्यांची सक्त ताकीद होती. कपाट उघडून कोड हातात घेतला की तो कुठवर अद्ययावत आहे हे पहिल्याच पानावर दिसे. पीडीएफ आल्या, कपाटे गेली आणि ही सवयही गेली.

आता ओळखायचे कसे ते. आज फिरणाऱ्या बऱ्याच फाइलींच्या पहिल्या पानावर माहितीच्या अधिकाराविषयी इंग्रजी मजकूर दिसेल. त्या प्रती पब्लिक रिसोर्स या संस्थेने इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलेल्या आहेत. कार्ल मालामूद या अमेरिकन गृहस्थांनी ते काम हाती घेतले. कायद्याने पाळायला लावलेली मानके लोकांना फुकट वाचता आली पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती आणि त्यावर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. ज्यांना एकेक कोड विकत घेणे परवडत नव्हते अशा आपल्यासारख्या हजारो लोकांवर त्यांचे उपकार आहेत, हे मी मनापासून म्हणतो. पण त्या प्रती स्कॅन झाल्या त्या वेळच्या आहेत. त्यात आयएस ३८३ (खडी-रेती) मिळेल १९७० चा, आयएस १०२६२ (काँक्रीटचे मिश्रण) मिळेल २००९ चा, आयएस १३९२० (भूकंपासाठी सळईची रचना) मिळेल १९९३ चा. पुढे त्यांच्या अनुक्रमे २०१६, २०१९ आणि २०१६ च्या आवृत्त्या निघाल्या.

फरक किरकोळ नाही. आयएस ३८३ चे जुने शीर्षकच नैसर्गिक स्रोतांतून मिळणाऱ्या खडी-रेतीपुरते होते. २०१६ च्या आवृत्तीत कृत्रिम तऱ्हेने तयार केलेले ॲग्रीगेटही आले. रेतीघाटांचे लिलाव रखडतात आणि दगडाची चुरी वापरावी लागते, तेव्हा हाच कोड उघडावा लागतो.

काँक्रीटचा मुख्य कोड आयएस ४५६ तर २००० चाच आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्यालाही दुरुस्त्या झालेल्या आहेत. क्यूबचा (ताकद तपासायला फोडायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) निकाल स्वीकारायचा की नाही हे ज्यावरून ठरते तो तक्ता ११ पाहा. मूळ छापील प्रतीत एम २० आणि त्यावरच्या ग्रेडला एकेका निकालासाठी ठरलेल्या ताकदीपेक्षा ४ ने (न्यूटन प्रति चौ. मिमी) कमी चालत असे. २०१३ च्या दुरुस्तीने ते ३ वर आले. एम २५ चा क्यूब २१.५ ला फुटला, तर जुनी प्रत वापरणारा पास म्हणेल आणि नवी वापरणारा नापास. दोघेही कोड समोर ठेवूनच बोलत असतील.

---

वर्धाकाठ

साहेब, तक्ता ११ चे उदाहरण अगदी नेमके. चारांच्या सरासरीचा निकषही सोबत पाहावा लागतो, पण वाद बहुतेक वेळा एकेका निकालावरच होतो.

पहिल्या पानावर तारीख आणि सही ही पद्धत आपण पीडीएफलाही लावू शकतो. फाइलच्या नावातच साल आणि शेवटच्या दुरुस्तीचा नंबर टाकायचा. 'आयएस ४५६, २०००, दुरुस्ती अमुकपर्यंत, तपासले तमुक महिन्यात.' धारणीला पेनड्राइव्ह गेला तरी नाव सोबत जाईल.

---

मापनपट्टी

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते तेच इथे सांगते, कारण अनुभवी लोकांनाही हे माहीत नसलेले पाहिले आहे.

आता भारतीय मानके जुन्या साइटवरून गोळा करायची गरज उरलेली नाही. भारतीय मानक ब्युरोच्या स्वतःच्या पोर्टलवर नोंदणी केली की ब्युरोने तयार केलेली मानके मोफत उतरवता येतात. नंबर टाकला की सध्याची आवृत्ती कोणती आणि दुरुस्त्या किती, हेही तिथेच दिसते. आयएसओ किंवा आयईसीची जशीच्या तशी स्वीकारलेली मानके मात्र मोफत नाहीत. आपल्या रोजच्या कामात ती क्वचितच लागतात.

रस्त्यांचे तसे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचे कोड विकत घ्यावे लागतात. ग्रामीण रस्त्यांना लागणारे मोजकेच आहेत : एसपी २० हे ग्रामीण रस्त्यांचे मॅन्युअल, कमी रहदारीच्या डांबरी रस्त्यांसाठी एसपी ७२, तशाच काँक्रीट रस्त्यांसाठी एसपी ६२, आणि लहान पूल-मोऱ्यांसाठी एसपी १३. चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक छापील संच घेतला, तर अख्ख्या तालुक्याला पुरेल.

पाणीपुरवठ्याचे सीपीएचईईओ या केंद्रीय संस्थेचे मॅन्युअल केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. भूकंपरोधक बांधकामावर आयआयटी कानपूरच्या एनआयसीईई या भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राने पुष्कळ साहित्य खुले ठेवले आहे. प्राध्यापक सी. व्ही. आर. मूर्ती यांनी लिहिलेल्या छोट्या-छोट्या टिपा तर मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही वाचायला देते. विदर्भाचा बहुतेक भाग आजवर झोन २ मध्ये, म्हणजे भूकंपाच्या कमी धोक्याच्या पट्ट्यात, धरला गेला म्हणून डक्टाइल डिटेलिंगकडे (इमारत एकदम न तुटता वाकेल अशा सळईच्या रचनेकडे) दुर्लक्ष होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरले, तेव्हा तो भागही नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होता.

शोधनिबंधांची अडचण खरी आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पण तो लाभ सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. साईटवरचा अभियंता किंवा तालुक्याचा डिझाइनर त्यात येत नाही. ही उणीव आहे आणि ती कोणीतरी मांडली पाहिजे. निबंध वाचण्याची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, तो त्या भिंतीच्या बाहेरच राहिला.

तोवरचे मार्ग : पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर खुले आहेत. काळ्या मातीवर महाराष्ट्र-कर्नाटकातल्या विद्यापीठांत झालेले काम तिथे सापडते, आणि प्रबंधात चाचण्यांचे आकडे निबंधापेक्षा कितीतरी सविस्तर असतात. भारतीय विज्ञान अकादमीचे 'साधना' हे नियतकालिक वाचायला खुले आहे. एखादा निबंध बंद असेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. विषय, आपले काम आणि कशासाठी हवा ते चार ओळींत लिहा. बहुतेक प्राध्यापक आनंदाने पाठवतात. आपला निबंध कोणी शेतातल्या कालव्यासाठी मागतो आहे, याचे त्यांनाही अप्रूप असते.

---

साईटवरून

मॅडम, कोडचे सगळे पटले. पण पुस्तकांबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही. टेलिग्रामवर सगळी पुस्तके पडलेली आहेत. साईट इंजिनीअरचा पगार केवढा असतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे. घरी पैसे पाठवायचे, खोलीचे भाडे द्यायचे, आणि फाउंडेशनचे पुस्तक विकत घ्यायचे? ज्याच्याजवळ स्कॅन आहे त्याने तो टाकावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्ञान अडवून कोणाचे भले होते?

---

ग्रंथपाल_यवतमाळ

साईटवरून, तुमची अडचण खोटी नाही. मी एका ब वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. पुस्तक परवडत नाही म्हणून उभ्याउभ्या चाळून ठेवून जाणारी मुले रोज पाहते. तरी कायदा काय म्हणतो ते सांगते, म्हणजे निर्णय डोळसपणे होईल.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधनासाठी मर्यादित सूट आहे. म्हणजे तुम्ही पुस्तकातला एखादा तक्ता किंवा काही पाने स्वतःच्या अभ्यासासाठी झेरॉक्स करून ठेवली तर ते त्या सुटीत बसते. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात न्यायालयाने शिक्षणाच्या ओघात पुस्तकांतले उतारे काढून देण्याला मान्यता दिली. पण तो निकाल शिक्षक आणि विद्यार्थ्यांपुरता आहे. अख्खे पुस्तक स्कॅन करून शेकडो जणांच्या ग्रुपवर टाकणे त्यात येत नाही.

विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्याला वाचायला देण्यावर मात्र काहीही बंधन नाही. कितीही जणांना द्या. ग्रंथालये त्यावरच चालतात. म्हणून वर्धाकाठ यांची यादी मला जास्त मोलाची वाटते.

अजून एक. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली अनुदान घेणारी ग्रंथालये तालुक्या-तालुक्यात आहेत. तिथे संदर्भ विभाग असतो. अभियंत्यांनी मिळून अर्ज दिला तर खरेदीच्या यादीत तांत्रिक पुस्तके घेता येतात. आम्ही घेत नाही, कारण आजवर कोणी मागितलीच नाहीत. तुमच्याकडची पुस्तके ग्रंथालयात ठेवायची असतील तर एक कपाट नक्की मिळेल. नोंदवहीत दात्याचे नाव राहील, आणि संध्याकाळी साईटवरून परतणारा मुलगा तिथे बसून वाचेल.

---

साईटवरून

ताई, असे कोणी सांगितलेच नव्हते. मी राहतो तिथल्या वाचनालयात विचारतो. माझ्याकडे पुस्तके नाहीत, पण बार बेंडिंग शेड्यूल (सळई कापण्या-वाकवण्याचा तक्ता) आणि बिलिंगच्या शीट मी स्वतः तयार केल्या आहेत, त्या माझ्याच आहेत. त्या कोणालाही देतो.

---

पूर्णाखोरे

वर्धाकाठ भाऊ, धागा लय कामाचा काढला. पन एक गोष्ट राहून राहिली, ते सांगतो.

आमच्या दर्यापूरकडे कोड असून भागत नाही, पानी कसं हाये ते माहीत पाह्यजे. हा खारपानपट्टा हाये. बोअरचं पानी जिभेवर ठेवलं तं समजते. ठेकेदार म्हनते पानी तं पानी, अन् त्याच बोअरनं स्लॅब टाकून देते. आयएस ४५६ च्या पहिल्या तक्त्यात लिहून हाये, सळई असलेल्या काँक्रीटले क्लोराइड लिटरमागं ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बिनसळईच्या काँक्रीटले २००० परेंत चालते. सल्फेट ४०० च्या आत, पीएच ६ च्या खाली नाही. शंका असन तं त्याच पान्याचे क्यूब पाडून २८ दिवसांची ताकद डिस्टिल्ड पान्याच्या क्यूबच्या ९० टक्के तरी आली पाह्यजे. हे सगळं कोडमंदी हाये, फुकट हाये.

पन कोन्या गावच्या कोन्या बोअरचं पानी किती खारं, हे कोन्या पुस्तकात हाये? ते हाये आमच्या सगळ्यायच्या फाइलीत. झेडपीच्या कामाले टेस्टिंग झालं, त्याचा रिपोर्ट बिलाले जोडला, बिल निघालं, रिपोर्ट गेला गठ्ठ्यात. दुसरा जेई आला, त्यानं त्याच गावात पुन्हा टेस्ट केली, नाही तं केलीच नाही. पुस्तकं वाटता तं वाटा, पन हे रिपोर्ट पहिले वाटा. त्यातल्या आकड्यायवर कोनाचा कॉपीराइटही नाही अन् ते दुसरीकडं कुठंच भेटत नाही.

---

वर्धाकाठ

पूर्णाखोरे भाऊ, तुम्ही धागाच वर उचललात. हे माझ्या यादीत नव्हते आणि ते सगळ्यांत वर असायला हवे. मालकाचे किंवा खात्याचे संमतीपत्र लागेल तिथे ते घेऊ, नावे-गट नंबर काढून टाकू. पण गाव, बोअरची खोली आणि आकडे राहू द्यायचे.

पाण्यासारखेच मातीचे. पश्चिम विदर्भात जुनी गावठाणे पांढरीवर आहेत. नवी घरकुले, शाळेच्या खोल्या, दवाखाने, लेआउट सगळे गावाबाहेर काळीवर गेले. जुन्या वाड्याला भेग नाही आणि नव्या खोलीला दुसऱ्याच पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग, हे आपण सगळे पाहतो. काळी माती किती खोल आणि खाली मुरूम कुठे लागतो, हे विहीर खोदणाऱ्यांना ठाऊक असते. आपल्या रिपोर्टांत ते लिहिलेलेही असते, पण एका जागी नसते.

माती किती फुगते याची चाचणी तर घरातल्या साध्या खोलीतही होते. आयएस २७२० चा भाग ४०. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली माती १०-१० ग्रॅम, १०० मिलीची दोन काचेची नळकांडी, एकात रॉकेल आणि दुसऱ्यात डिस्टिल्ड पाणी. ढवळून हवा काढायची आणि निदान २४ तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमध्ये १० मिली भरली आणि पाण्यात १८, तर फ्री स्वेल इंडेक्स ८० टक्के. आयएस १४९८ प्रमाणे ५० च्या आत कमी, १०० पर्यंत मध्यम, २०० पर्यंत जास्त, त्यापुढे फारच जास्त. पाया घालण्याआधी हा एक आकडा काढला आणि यादीत टाकला, तर काही वर्षांत तालुक्याचा नकाशाच तयार होईल.

---

जुना_उपअभियंता

या मातीवर आपल्याच देशात फार मोठे काम झालेले आहे, ते नव्या मंडळींनी वाचावे म्हणून लिहितो.

रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) अंडर-रीम पाइल, म्हणजे खाली फुगवटा असलेले पायाचे खांब, काळ्या मातीसाठीच विकसित केले. पाइलचा खालचा फुगवटा खोडाच्या साधारण अडीचपट रुंद असतो आणि तो हंगामी ओलीच्या थराखाली नेऊन रोवला जातो. वरची ग्रेड बीम, म्हणजे पाइलांना जोडणारी तुळई, जमिनीला टेकू द्यायची नाही, खाली पोकळी ठेवायची. आयएस २९११ चा भाग ३ यावर आहे. कंत्राटदार पाइल व्यवस्थित करतात आणि बीमखाली मुरूम ठासून भरतात, मग माती फुगली की ती बीमच उचलते. कोडमधली एक ओळ न वाचल्याने सगळा खर्च वाया जातो.

दुसरे काम आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांचे. मालप्रभेच्या कालव्यांपासून त्यांनी अभ्यास केला आणि फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा न फुगणाऱ्या चिकण मातीचा थर दिला तर खालची माती वर उचलत नाही, हे दाखवले. यालाच आपण सीएनएस (चिकट पण न फुगणारी माती) म्हणतो. इंडियन जिओटेक्निकल जर्नलमध्ये १९७९ ला आलेले त्यांचे व्याख्यान कालव्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. कालव्याच्या अस्तरासाठी आयएस ९४५१ त्यातूनच उभा राहिला.

आपल्याकडे होते काय, तर सीएनएस म्हणजे मुरूम असे समजून खाणीतला मिळेल तो मुरूम टाकतात. ज्या मुरमात चिकटपणाच नाही, त्यातून पाणी सरळ खाली जाते आणि काळी माती फुगतेच. कोडने लिक्विड लिमिट ३० ते ५० आणि प्लास्टिसिटी इंडेक्स १५ ते ३० (ही चिकटपणाची मापे) मागितला आहे. खाणीगणिक हे आकडे बदलतात. तेव्हा कोणत्या गावच्या कोणत्या खाणीचा मुरूम या मापात बसतो, ही नोंद पूर्णाखोरे म्हणतात त्या यादीत पहिली यावी. माझ्या जुन्या डायऱ्यांत अशा काही नोंदी आहेत. मी बसून त्या उतरवून देतो.

---

झाडीपट्टी

पूर्वेकडचे थोडे. आमच्या साकोली-अर्जुनी भागात काम म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलाव. कोहळी समाजाच्या मंडळींनी बांधलेले, मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले. दुरुस्तीचे एस्टिमेट करताना पाळीचे (तलावाच्या बांधाचे) मूळ माप, सांडव्याची पातळी, पाणी कोणाच्या शेताला जायचे, हे कोणत्याच कोडमध्ये सापडत नाही. ते निस्तार पत्रकात, जुन्या गावनकाशात आणि इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरमध्ये सापडते. साठ वर्षांहून जुने सरकारी प्रकाशन कॉपीराइटमधून मुक्त असते, त्यामुळे गॅझेटियर बिनधास्त फिरवा.

मातीच्या धरणांसाठी आयएस ८८२६ आणि उताराच्या स्थैर्यासाठी आयएस ७८९४ आहेत. पण ते मोठ्या कामांसाठी लिहिलेले आहेत. आपल्या दोन-चार मीटरच्या पाळीला ते तंतोतंत लावायला गेलो तर एस्टिमेटच मंजूर होत नाही, आणि सोडून दिले तर पाळ झिरपते. ज्यांनी या तलावांची चांगली दुरुस्ती केली आहे त्यांनी आपले डिझाइन नोट यादीत द्यावेत. ते मला कोणत्याही निबंधाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

---

धारणीची_जेई

अवांतर आहे, पण विचारून घेते. मेमध्ये स्लॅब टाकायचा आहे. तापमान ४० च्या वर जाते. कोणता कोड पाहू?

---

मापनपट्टी

अवांतर मुळीच नाही, विदर्भातला निम्मा उन्हाळा याच प्रश्नाचा. आयएस ७८६१ भाग १. हवा ४० अंशांच्या वर गेली की तो लागू होतो. थोडक्यात : गिट्टीचा ढीग सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडून थंड करा, पाण्याची टाकी उन्हात नको, सेंट्रिंग आणि सळई आधी ओली करून घ्या, काम पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. मिक्समध्ये ऐन वेळी पाणी वाढवू देऊ नका. मिस्त्री मागेलच. क्युरिंग आयएस ४५६ प्रमाणे उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस. पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत न्या. पाण्याचा टँकर आधी ठरवा, मग स्लॅबची तारीख.

---

धारणीची_जेई

खूप आभार मॅडम. हे असेच छापून साईटवर लावते.

---

वर्धाकाठ

इथवरच्या चर्चेतून ठरलेले लिहितो.

कोड कोणीही ग्रुपवर नुसती फाइल म्हणून टाकू नये. ब्युरोच्या पोर्टलवरून उतरवलेली प्रत, नावात साल आणि दुरुस्ती. जुनी आवृत्ती ठेवायची असेल तर नावाच्या सुरुवातीला 'जुनी' लिहावे. जुन्या इमारतीची तपासणी करताना ती लागते, म्हणून पुसू नये. एसपी १६ चे डिझाइनचे आलेख आपण सगळेच वापरतो, तो १९७८ च्या आयएस ४५६ वर बेतलेला आहे. त्यातला एम १५ चा रकाना आरसीसीला वापरायचा नाही, किमान एम २०, अशी चिठ्ठी त्या फाइलसोबत जाईल.

हक्क असलेली पुस्तके स्कॅन करून टाकायची नाहीत. ती हातोहात फिरतील. नेणाऱ्याने यादीत तारीख टाकावी. रोड्स काँग्रेसच्या चार कोडसाठी वर्गणी आमच्या भागातल्या लोकांनी काढायचे कबूल केले आहे. संच आर्वीच्या वाचनालयात ठेवता येईल का, ते उद्या विचारतो.

माती, पाणी आणि मुरमाच्या नोंदींची शीट साईटवरून यांनी करून द्यावी, अशी विनंती. गाव, खोली, चाचणी, आकडा, कोणत्या प्रयोगशाळेत केली आणि महिना. महिना लागतोच, कारण बोअरचा खारेपणा पावसाळ्याआधी आणि नंतर सारखा नसतो.

---

साईटवरून

शीट रविवारी टाकतो. मोबाइलवर भरता येईल अशी करतो. नेटवर्क नसेल तर ऑफलाइन भरून नंतर पाठवता येईल.

---

पूर्णाखोरे

दर्यापूर अन् अंजनगावकडचे पान्याचे रिपोर्ट माह्याकडे बरेच हायेत. शीट आली का भराले लागतो. भाऊ, खोलीचा रकाना दोनदा ठेवजो, बोअरची एकून खोली अन् पानी कुठं लागलं ते.

---

धारणीची_जेई

माझ्याकडे पायाचे कोड, आयएस १९०४ आणि ६४०३, छापील आहेत, कॉलेजमध्ये घेतलेले. दुरुस्त्या पोर्टलवर पाहून साल लिहिते आणि यादीत टाकते. ज्यांना हवेत त्यांनी परतवाड्याला कोणी येत असेल तर कळवा, मी महिन्याच्या मीटिंगला तिथे असते. आणि एसपी २० कोणाकडे असेल तर त्याच फेरीत मला हवा आहे.

---

जुना_उपअभियंता

ताई, एसपी २० माझ्याकडे आहे, २००२ ची छापील प्रत. अमरावतीहून एसटी पार्सलने परतवाड्याला पाठवतो. तुमची मीटिंग कधी ते व्यक्तिगत निरोपात कळवा.